नेसरीकर बाईंचा विषाणू

गडहिंग्लजच्या दोन पिढ्यांनी वैजयंती नेसरीकर बाईंपुढे हात पालथे धरून नखं दाखवली होती. बाई हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवत, शेवटची आठ वर्षं मुख्याध्यापिकाही होत्या. पण गावात त्यांचं नाव झालं ते स्वच्छतेमुळे. कुणाच्या लग्नाला गेल्या तर एका हातात आहेर आणि दुसऱ्या हातात स्वतःचं ताट, वाटी, पेला घातलेली पिशवी. स्वतःचं लग्न त्यांनी केलं नाही. जिला दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी चालत नाही तिला नवरा कुठून चालायचा, असं गावच म्हणायचं, आणि ते कानावर आलं की बाईंना बरंच वाटायचं. आता त्या एकाहत्तर वर्षांच्या होत्या. या एकाहत्तर वर्षांत कुणाचं उष्टं आपल्या तोंडाला लागलेलं नाही, हे सांगताना त्यांचा आवाज अजूनही वर्गातल्यासारखा चढत असे.

म्हणूनच २०४७ सालच्या त्या सोमवारी थुंकीच्या दवाखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा त्यांना वाटलं, आपला सत्कार असणार.

थुंकीचा दवाखाना हे गावाने ठेवलेलं नाव. पाटीवर ‘हर्पीसकुल विषाणू व कर्करोग संशोधन केंद्र’ असं होतं, पण एवढं म्हणेपर्यंत रिक्षा पुढे निघून जायची. दोन महिन्यांपूर्वी केंद्राने शिबिर भरवून अर्ध्या तालुक्याला नळीत थुंकायला लावलं होतं. बाईही गेल्या होत्या. नळीचं सील त्यांनी आपल्यासमोर फोडायला लावलं, थुंकल्या आणि झाकणही स्वतःच लावलं. एवढी स्वच्छ थुंकी त्या यंत्राने आजवर पाहिली नसेल, याची त्यांना खात्री होती.

केंद्राची प्रमुख डॉ. तबस्सुम मुजावर ही त्यांचीच विद्यार्थिनी. बारा वर्षं परदेशात काढून आली होती, मोठमोठ्या परिषदांत भाषणं ठोकत होती; पण बाई केबिनमध्ये शिरल्या तशी ती ताडकन उभी राहिली आणि तिने दोन्ही हात मागे लपवले. सहावीत नेलपॉलिश लावल्याबद्दल बाईंनी तिला तासभर व्हरांड्यात उभं केलं होतं.

“बस गं,” बाई म्हणाल्या आणि खुर्ची रुमालाने पुसून स्वतः बसल्या. “काय निघालं माझं?”

“बाई, तुम्हाला कडगावे सर आठवतात?”

बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. महांतेश कडगावे आठवत नाहीत कसे? चौथीपर्यंत एका वर्गात, पुढे एका हायस्कुलात नोकरीला. ते चित्रकला शिकवायचे. एकवीस वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर त्यांनी एक दशभुजा देवी रंगवली होती. साबणाच्या फेसावर बसलेली. एका हातात नेलकटर, एका हातात फिनेलची बाटली, एका हातात तुरटी, आणि चेहरा हुबेहूब बाईंचा. बाराशे पालक पोट धरून हसले. बाईंनी त्याच रात्री संस्थेकडे पाच पानी तक्रार केली. कडगाव्यांचं मुख्याध्यापकपद जवळजवळ ठरलेलं होतं ते गेलं, आणि दोन महिन्यांनी त्या खुर्चीत बाई बसल्या. तेव्हापासून दोघांमध्ये एका अक्षराचंही बोलणं नव्हतं.

“त्यांचं काय?”

“सरांना लिम्फोमा झालाय. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. विषाणूमुळे होणारा. आणि बाई, त्यांचा विषाणू आणि तुमचा विषाणू एकच आहे.”

बाईंनी खुर्चीचा हात रुमालाने पुन्हा एकदा पुसला.

या विषाणूचं नाव एप्स्टीन-बार. कांजिण्या आणि नागीण ज्या हर्पीसकुळातल्या, त्याच कुळातला हा. शंभरातल्या पंचाण्णव माणसांच्या अंगात तो असतो, पण कुणी त्याला ओळखत नाही. लहानपणी थुंकीवाटे येतो, पांढऱ्या पेशींत शिरतो आणि तिथेच जन्मभर झोपून राहतो. आपल्या शरीरातल्या पहारेकरी पेशी त्याच्यावर डोळा ठेवून असतात. तो जागा होऊन पेशींना फुगवायला लागला की त्या पेशींचा निकाल लावतात. बहुतेकांचं आयुष्य असं निभावून जातं. म्हातारपणी एखाद्याचे पहारेकरी थकतात, मग त्या पेशी मोकाट वाढतात आणि गाठी होतात. कडगावे सरांच्या मानेत आणि पोटात तशा सात गाठी होत्या.

यावर तबस्सुमच्या केंद्राने उपाय काढला होता. ज्याचे पहारेकरी अजून धडधाकट आहेत अशा माणसाच्या पेशी घ्यायच्या, बाहेर वाढवायच्या आणि रोग्याला द्यायच्या. मेख एकच होती. या विषाणूच्या शेकडो शाखा आहेत, आणि पहारेकऱ्याने तीच शाखा वर्षानुवर्षं सांभाळलेली असली तरच तो गाठीतल्या चोराला चटकन ओळखतो. म्हणून कोणाचा विषाणू कोणाच्या विषाणूपासून निघाला, याची वंशावळ मांडणारं यंत्र त्यांनी बसवलं होतं.

“यंत्राला कळतं कसं?” बाईंनी विचारलं.

“विषाणू स्वतःची नक्कल करताना चुका करतो. दोन नकलांमध्ये त्याच त्याच चुका सापडल्या की—”

“की एकाने दुसऱ्याचं बघून लिहिलेलं असतं. अगं, कॉपी मी छत्तीस वर्षं अशीच पकडली.” बाई क्षणभर खूश झाल्या. मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि कानशिलं तापली. “नळ्यांची अदलाबदल झाली असेल.”

“दोनदा तपासलं बाई. दुसऱ्या वेळी नर्सने घरी येऊन रक्त नेलं होतं ना? तोच निकाल.”

आता खरी अडचण. संबंध कधी आला हे यंत्राला सांगता येत नव्हतं. विषाणू झोपला की नक्कल बंद, नक्कल बंद की चुका बंद, घड्याळ थांबल्यासारखंच. दोघांच्या विषाणूत चुकांचा फरक एवढा थोडा होता, की त्यांची गाठ एक तर साठेक वर्षांपूर्वी पडलेली असणार, नाही तर गेल्या सहा महिन्यांत. मोठेपणी शिरलेला विषाणू झोपायला वर्षं लावतो आणि तोवर चुका वाढत जातात, म्हणून मधली वर्षं बाद. साठ वर्षांपूर्वीची असेल तर बाईंचे पहारेकरी या शाखेवर मुरलेले. दहातल्या आठ रोग्यांना असा उपचार लागू पडतो. सहा महिन्यांतली असेल तर ते कोवळे, दहातल्या एकाला जेमतेम. पुण्याचा एक दाता होता, त्याच्याकडून दहात तिघांची आशा. पेशी वाढवायला पाच आठवडे लागत, आणि सरांच्या हाती एकाच प्रयत्नाएवढे दिवस होते. कोणाच्या पेशी घ्यायच्या हे केंद्राची समिती शुक्रवारी ठरवणार होती, आणि त्यासाठी दोघांचेही लेखी जबाब हवे होते.

तबस्सुमने अर्ज पुढे सरकवला. संपर्काचा प्रकार, चौकोनांपुढे पर्याय: आईकडून, चुंबन, उष्टं अन्न वा पेय, इतर.

बाईंनी दुसरा पर्याय पाहिला आणि पेनाचं टोपण काढलं. चारही चौकोन सोडून खाली त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: ‘मी शपथेवर सांगते की मी आयुष्यात कोणाचंही उष्टं खाल्लेलं वा प्यालेलं नाही. इतर पर्यायांचा प्रश्नच उद्भवत नाही.’

“बाई, नीट आठवून बघा. सरांच्या जिवाचा प्रश्न आहे.”

“म्हणून मी खोटं लिहू?” बाई म्हणाल्या, आणि त्या अगदी मनापासून म्हणाल्या.

गावात ही बातमी दुपारपर्यंत पसरली. केंद्राने गुप्ततेची शपथ घेतली होती, पण केंद्राच्या कँटीनवाल्याने घेतली नव्हती. भाजी मंडईत बाईंना लोक नेहमीपेक्षा जास्त वाकून नमस्कार करायला लागले. ज्यांना बाईंनी कधीकाळी छड्या दिल्या होत्या ते पन्नाशीचे गृहस्थ कोथिंबीर निवडता निवडता हिशेब मांडत होते: साठ वर्षांपूर्वी म्हणजे पोरवयात, आणि सहा महिन्यांपूर्वी म्हणजे, अरे देवा, या वयात! दोन्हींतलं कुठलं जास्त रंगतदार यावर मंडईत तट पडले.

मंगळवारी सकाळी सरांची बायको शैलजा बाईंच्या दारात उभी राहिली. बाईंनी तिला आत बोलावलं. ती आत आली नाही.

“काय ओ बाई,” ती म्हणाली, “आमच्या ह्यांची थुंकी तुमच्या तोंडात गेलीच कशी?”

“शैलजाबाई, सभ्यपणे बोला.”

“सभ्यच बोलालोय. ह्यास्नी इचारलं तर म्हणत्यात, ‘मी त्या बाईच्या वाऱ्यालाबी उभा ऱ्हात न्हाई.’ तुम्ही म्हणतासा, आपण कुणाचं खातच न्हाई. मग हे काय पोष्टानं आलं?” तिचा आवाज एकदम चिरकला. “कवाचं काय असंल ते असू दे. पोरपणातलं असंल तर मी काय भांडत न्हाई, आत्ताचं असंल तरी सांगा, मी मागनं भांडीन. पर खरं काय ते लिवा की ओ. माणूस जगला पायजे माझा.”

ती पदराने डोळे पुसत निघून गेली. बाई दारातच उभ्या राहिल्या. पाच पानांची तक्रार लिहिताना त्यांचा हात एकदाही थांबला नव्हता. आता त्यांनी दोन दिवस बसून वहीत आठवणींची यादी केली, पहिलीपासूनची, इयत्तावार; आणि कुठेही, कोणाचाही एक घास सापडला नाही. आपण खोटं लिहिलेलं नाही याचा त्यांना पहिल्यांदाच आनंद होईना.

गुरुवारी तबस्सुमचा फोन आला. कडगावे सरांनीही जबाब दिला होता: ‘नेसरीकर बाईंचं उष्टं मी खाल्लेलं नाही, आणि माझं त्यांनी खाल्लं असतं तर तो दिवस मी कॅलेंडरवर लिहून ठेवला असता.’ दोघंही नाही म्हणतात म्हटल्यावर समितीचे अध्यक्ष डॉ. रणनवरे यांनी आपल्यापुरतं अनुमान काढलं होतं, की दोघंही काहीतरी लपवतात. आणि लपवण्यासारखं असेल तर ते अलीकडचंच असणार. उद्या ते पुण्याच्या दात्याच्या नावावर सही करणार होते.

“दहात तीन,” तबस्सुम म्हणाली.

बाईंनी चपला घातल्या. रिक्षा बिनचालकाची होती, त्यामुळे सीट पुसायला कोणाला सांगायची सोय नव्हती. आज त्यांनी ती पुसलीही नाही.

दवाखान्यात सरांच्या खोलीत खाटेवर उरलासुरला माणूस पडलेला होता. मान सुजलेली, हातांच्या काड्या. उशाशी शैलजा, पायाशी तबस्सुम कसली तरी नळी तपासत होती. बाईंना दारात पाहून सरांनी डोळे किलकिले केले.

“आल्या? फिनेल बाहेर ठेवून या.”

एकवीस वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. बाईंना हुंदका येईल असं वाटत होतं. त्याऐवजी राग आला, आणि रागानं त्यांना जरा हुशारी वाटली.

“कडगावे, मला तुमच्याशी भांडायला वेळ नाही. नीट आठवा. आपण कधी, काही, एकत्र खाल्लं होतं का?”

“तुम्ही? एकत्र? सहलीला सगळी शाळा भेळ खायची आणि तुम्ही कागदात गुंडाळलेली घरची पोळी सोलून खायचात. केळं सोलल्यासारखी.”

“मी शाळेतलं विचारत नाही. लहानपणी.”

“लहानपणी तर त्याहून वाईट. चौथीत माझ्याकडं एकच लिमलेटची गोळी होती. ती निम्मी द्यायला निघालो, तर म्हणे, आमच्या घरी उष्टं चालत नाही. रडायलाच लागल्या. ठेवून घेतली असती तर बरं झालं असतं.”

“पण दिलीत ना मग? रडायला लागले म्हणून फ्रॉकचा घेर धरायला लावलात आणि—”

“मी लावला? घेर तुम्हीच पुढं केलात. पहिल्यांदा तुम्हाला फुटेना म्हणून मी फोडली.”

“आधी मी चावले होते. चांगली दोन-तीनदा.”

शैलजा उठून उभी राहिली. “थांबा, थांबा. कसली गोळी? एक गोळी दोघांच्या तोंडात?”

“छे!” दोघं एकदम ओरडले. “ती चिमणीच्या दातानं फोडली होती! ते उष्टं नसतं!”

तबस्सुमच्या हातातली नळी खाली पडली.

चिमणीच्या दाताची गोष्ट महाराष्ट्रात जन्मलेल्याला सांगायला नको. खाऊ एक, खाणारे दोन. मग खाऊवर सदऱ्याचं टोक किंवा परकराचा काठ धरायचा आणि वरून दातांनी तोडायचा. कापड मध्ये आलं की उष्टं होत नाही. हा नियम कुठल्या ग्रंथात नाही, पण सोवळ्यातल्या आज्यांनीही कधी त्याला हरकत घेतलेली नाही. नेसरीकर बाईंनी छत्तीस वर्षं मुलांना जंतू शिकवले, गाळणी शिकवली, सूक्ष्मदर्शकाखाली कापडाचे धागे दाखवले. पण हा एक नियम त्यांच्या डोक्यात विज्ञानाच्या कप्प्यात कधी आलाच नव्हता. तो दुसऱ्याच कप्प्यात, चौथीतल्या दुपारींबरोबर बंद होता.

“बाई,” तबस्सुम हळूच म्हणाली, “फ्रॉक कसला होता? सुती?”

बाईंनी पिशवीतून स्वतःचा धुतलेला रुमाल काढला, टेबलावरच्या पेल्यात बोट बुडवून त्यावर एक थेंब सोडला आणि रुमाल उलटा केला. खालून ओला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, जणू आणखी काही निघेल.

“धाग्यांतल्या फटीपुढे विषाणू केवढा?” त्यांनी विचारलं. उत्तर त्यांनाच ठाऊक होतं.

“फट त्याच्यापेक्षा हजारपट तरी मोठी असेल, बाई. गावाच्या वेशीतून मुंगी जावी तसा जातो.”

बाई मटकन स्टुलावर बसल्या. स्टूल पुसलेलं नव्हतं. “मी शपथेवर खोटं लिहून दिलं,” त्या म्हणाल्या. “शपथेवर! आणि त्यापायी तुमचे चार दिवस घालवले.” त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि एकाहत्तर वर्षांच्या त्या बाई शैलजाच्या देखत नाक ओढत रडल्या.

“रडू नका हो,” सर म्हणाले. “रडलात म्हणूनच तर हे सगळं झालं.”

दोघांनी आत्ताच एकमेकांसमोर सगळं बोलून टाकल्यामुळे नवा पेच पडला. रणनवरे म्हणाले, हे संगनमत कशावरून नाही? शेवटी तोडगा निघाला: दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून कागद द्यायचे आणि त्या गोळीबद्दल आठवेल ते सारं लिहायला सांगायचं. बाईंनी दोन पानं लिहिली. सरांना पेन धरवेना म्हणून त्यांनी सांगितलं आणि नर्सने लिहून घेतलं.

शुक्रवारी समितीपुढे दोन्ही कागद वाचले गेले. गोळी नारंगी, दोन्हीकडे. जागा शाळेमागची पाण्याची टाकी, दोन्हीकडे. फ्रॉक बाईंच्या मते निळा. सरांच्या मते निळा नव्हे, धुऊन धुऊन राखी पडलेला, आणि काठाला पांढरी नागमोडी फीत. इथवर रणनवरे चष्मा पुसत ऐकत होते. शेवटच्या ओळीला त्यांचा हात थांबला. बाईंनी लिहिलं होतं, ‘मोठा तुकडा त्यांनी घेतला.’ सरांनी सांगितलं होतं, ‘मोठा तुकडा त्या बाईने घेतला, हे मी कधीही विसरणार नाही.’

“कारस्थान करून लिहिलं असतं,” रणनवरे म्हणाले, “तर एवढं तरी जुळवलं असतं.” आणि त्यांनी बाईंच्या नावावर सही केली. संपर्काच्या प्रकारापुढे ‘इतर’वर खूण करून त्यांनी काय लिहिलं, ते तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आजही आहे, आणि परदेशी शास्त्रज्ञ या चिमणीच्या दातांबद्दल अधूनमधून पत्राने विचारणा करतात.

बाईंचं रक्त काढायला चार तास लागले. पाच आठवड्यांनी त्यांच्या पेशी पारदर्शक पिशवीतून सरांच्या शिरेत थेंबथेंब उतरायला लागल्या. बाई काचेबाहेर उभ्या होत्या. शेजारी शैलजा.

“म्हणजे ह्या बाई आता ह्यांच्या अंगात ऱ्हाणार?” तिने तबस्सुमला विचारलं.

“दोन-तीन महिने फक्त. परक्या पेशी आहेत. काम करतात आणि संपतात.”

“दोन महिने चालतील,” शैलजा म्हणाली. थोड्या वेळाने ती बाईंकडे न बघताच म्हणाली, “तीन झाले तरी चालतील.”

संध्याकाळी बाई आत गेल्या. त्यांना एक गोष्ट सांगायची होती. काळ ठरला होता, तेव्हा दिशाही ठरली होती. सरांच्या विषाणूत बाईंच्या सगळ्या चुका होत्या आणि वर आणखी दोन. नक्कल कोणी कोणाची केली हे तबस्सुमने सांगायची गरज नव्हती. बाईंनी वंशावळीचा तक्ता बघूनच ओळखलं होतं.

“कडगावे, तो विषाणू माझा,” त्या म्हणाल्या. “आधी मी चावले. मी दिला तो तुम्हाला.”

सरांनी बोटांवर हिशेब मांडला. “गोळी माझी आणि विषाणू तुमचा. म्हणजे सौदा बरोबरीतच झाला म्हणायचा.”

“थट्टा नको. आणि ती तक्रार... पाच पानांची नको होती.”

“किती पानांची हवी होती?”

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. “दीड.”

सर हसायला लागले आणि खोकला आला म्हणून थांबले. बाईंनी त्यांना पाणी दिलं. “चित्र चांगलं होतं,” त्या म्हणाल्या. “पण हात अकरा झाले होते. मी मोजले होते.”

तिसऱ्या महिन्यात सरांचं स्कॅन झालं. सातही गाठी विरघळल्या होत्या. शैलजाने थुंकीच्या दवाखान्यात सर्वांना पेढे वाटले आणि मंडईतले दोन्ही तट एक झाले. आणि त्याच आठवड्यात दिल्लीहून एका नव्या औषधाला परवानगी आली. तीन इंजेक्शनं घेतली की झोपलेला विषाणूसुद्धा पेशीपेशीतून हुडकून काढून नष्ट करता येत होता. केंद्राला पहिल्या खेपेला मिळालेल्या थोड्या डोसांतला एक तबस्सुमने बाईंसाठी राखून ठेवला. आपल्या बाईंना याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती देणार?

बाई नवं पातळ नेसून आल्या. एकसष्ट वर्षांची अस्वच्छता आज जाणार होती. त्यांनी अर्ज वाचला, जिथे जिथे सही हवी तिथे केली, आणि शेवटच्या पानावर, सवयीने, एक शंका विचारली.

“तबस्सुम, विषाणू गेला म्हणजे त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या पेशींचं काय होतं?”

“त्यांना काम राहत नाही ना, बाई. हळूहळू कमी होतात. वर्ष-दीड वर्षात नाहीशाच म्हणा ना.”

“हं.” बाईंनी पेन खाली ठेवलं. “आणि कडगाव्यांच्या अंगातल्या?”

“त्या तर संपल्याच. रक्तात आता सापडत नाहीत.”

“मग गाठी उलटल्या तर?”

“उलटण्याची शक्यता असते, बाई. पाच वर्षांपर्यंत. दहातल्या दोघांना.”

“उलटल्या तर तू पेशी कुठून आणशील?”

तबस्सुमच्या हातातली सिरिंज भरलेली होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे, आणि अर्ज मधोमध फाडला. मग पुन्हा आडवा फाडला आणि तुकडे नीट कचऱ्याच्या डब्यात टाकले.

“दे दुसऱ्या कुणाला तरी.”

“बाई, अहो, विषाणू आहे तो. जन्मभर अंगात राहील. तुम्हाला चालेल?”

“चालतोय कसला!” बाई चिडून म्हणाल्या. “मला मुळीच चालत नाही. पण असू दे.”

आणि त्या हात धुवायला गेल्या.